खोल पाण्याचा छोटा टब

तोकाइदो हा जपानमधला जुना हमरस्ता. एदो म्हणजे आजचे तोक्यो आणि क्योतो ही दोन शहरे त्याने जोडलेली होती. या रस्त्यावरून पायी निघालेल्या दोन मित्रांची गमतीदार कथा जिप्पेन्शा इक्कू या लेखकाने १८०२ पासून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केली. पुस्तकाचे नाव 'तोकाइदोच्यु हिझाकुरिगे'. त्यात एक प्रसंग आहे. एदोचे हे दोघे ओदावारा गावच्या धर्मशाळेत उतरतात. तिथे अंघोळीसाठी एक पिंप असते आणि त्याच्या पाण्यावर लाकडाची एक गोल फळी तरंगत असते. हे झाकणच असणार, असे समजून पाहुणा ती फळी बाजूला काढतो आणि पाण्यात पाय घालतो. पाय चटकन भाजतो, कारण पिंपाचे बूड लोखंडाचे आणि खाली चुलीत जाळ! कोणाला विचारायची लाज वाटते, म्हणून तो पायांत लाकडी खडावा चढवून आत उतरतो. त्याचे पाहून दुसराही तसेच करतो, पण तो आत इतका नाचतो की खडावांच्या घावांनी बूडच फुटते आणि सगळे पाणी चुलीत जाते.

ती फळी झाकण नव्हती. तिच्यावर उभे राहायचे, आपल्या वजनाने तिला खाली दाबत न्यायचे आणि तिच्यावरच बसायचे, अशी योजना होती. लाकूड उष्णतेचे मंदवाहक, लोखंड सुवाहक. वर्गात आपण जो धडा शिकवतो तो या प्रवाशांना तळपायाने शिकावा लागला.

या पिंपाला 'गोएमोन-बुरो' म्हणत. इशिकावा गोएमोन या दरोडेखोराला १५९४ मध्ये क्योतोत उकळत्या कढईत टाकून मारले होते. त्याचे नाव या स्नानपात्राला चिकटले. एदोच्या दोघांना ते ठाऊक नव्हते, कारण त्यांच्याकडे वेगळी पद्धत होती. या लेखात आपण जपानच्या खोल टबाची कथा पाहणार आहोत. हल्ली आपल्या शहरांतही सदनिकेच्या छोट्या न्हाणीघरात असा टब बसवण्याचा विचार काही लोक करतात. तो बसवण्याआधी काय काय पाहावे लागते, हे ही कथाच आपल्याला सांगते.

आग आणि सरपण

'फुरो' या शब्दाचा जुना अर्थ वाफेचे स्नान. पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसणे ही पद्धत नंतर रुळली. तोकुगावा इएयासू १५९० मध्ये एदोत आला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी तिथे पहिले सार्वजनिक स्नानगृह निघाल्याची नोंद मिळते. अशा स्नानगृहाला पुढे 'सेन्तो' हे नाव पडले. अठराव्या शतकात एदोची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास गेली, पण सामान्य माणसाच्या घरी न्हाणी नसेच.

याचे पहिले कारण आग. घरे लाकडाची आणि दारे कागदाची. १६५७ च्या आगीत शहराचा अर्ध्याहून अधिक भाग जळून गेला. अशा शहरात घरोघरी रोज संध्याकाळी चूल धडधडू देणे परवडणारे नव्हते. दुसरे कारण सरपण आणि पाणी. दोन्ही गोष्टी विकत किंवा कष्टाने मिळायच्या. त्यामुळे एकाच ठिकाणी मोठी चूल आणि शेकडो लोकांना एकच पाणी, हा हिशोब सरळ होता. उष्णता वाया जाऊ नये म्हणून स्नानाच्या खोलीचे दार इतके बुटके ठेवत की आत जाताना वाकून जावे लागे. त्यामुळे आत अंधार असे आणि पाणीही फार स्वच्छ राहत नसे. मेइजी काळात सरकारने अशा दारांवर बंदी आणली आणि स्नानगृहे उजेडाची, उंच छताची झाली.

ज्यांच्या घरी न्हाणी होती त्यांच्याकडे एदोच्या बाजूला 'तेप्पो-बुरो' असे. तेप्पो म्हणजे बंदूक. लाकडी टबाच्या एका कडेला धातूची उभी नळी बसवलेली असे. नळीत कोळसे किंवा लाकडे जळत आणि भोवतालचे पाणी तापे. वाचकांना काही आठवले का? आपला तांब्याचा बंब नेमका याच तत्त्वावर चालतो. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. जाळ भांड्याच्या बाहेर ठेवला तर बरीचशी उष्णता हवेत जाते. तो पाण्याच्या पोटात ठेवला तर नळीच्या सर्व बाजूंनी पाण्याला मिळते. फरक एवढाच की आपण बंबातले पाणी घंगाळात किंवा बादलीत काढून अंगावर घेतो, आणि जपानी माणूस बंबातच जाऊन बसला!

एकच पाणी, सगळे घर

या टबात साबण लावत नाहीत. आधी टबाबाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मगच पाण्यात शिरायचे. टब धुण्यासाठी नाही, शेकण्यासाठी आहे. म्हणून तेच पाणी घरातल्या सगळ्यांना चालते. जपानी न्हाणीघरात टबाशेजारी जमिनीला उतार आणि मोरी असते ती यासाठीच.

हा हिशोब आकड्यांत मांडून पाहू. टबात २४० लिटर पाणी आहे आणि ते १५ अंशांवरून ४१ अंशांपर्यंत तापवायचे आहे. लागणारी उष्णता २४० गुणिले २६, म्हणजे ६,२४० किलोकॅलरी. आपल्याकडे अंघोळीला एक मोठी बादली, समजा २० लिटर पाणी लागते. म्हणजे एका टबात बारा जणांच्या अंघोळी होतील! पण तोच टब पाच जणांनी एकामागून एक वापरला तर माणशी ४८ लिटर पडतात. एकट्यासाठी टब ही चैन आहे. कुटुंबासाठी ती बऱ्यापैकी काटकसर होती.

काटकसरीची किंमत मात्र सर्वांना सारखी पडत नसे. पाहुणा असेल तर तो पहिला, मग घरातला कर्ता पुरुष, मग मुले, मग बायका असा क्रम असे. शेतकरी घरांत सुनेची पाळी बहुधा सर्वांत शेवटी येई. विहिरीचे पाणी भरणे आणि चुलीत लाकूड सारणे ही कामे अनेकदा तिच्याचकडे असत. तिच्या वाट्याला येणारे पाणी कोमट आणि गढूळ असे. घराघरांत नळ आणि गॅस आल्यावर तिचा दिवस किती बदलला असेल, याची कल्पना आपल्याकडच्या मोठ्या एकत्र कुटुंबांतल्या स्त्रियांना सहज येईल.

टब खोल का?

आता थोडे गणित. दोन टब घ्या. पहिला जपानी वळणाचा: आतून ८० सेंटिमीटर लांब, ७० सेंटिमीटर रुंद. दुसरा पाश्चात्त्य वळणाचा: १५० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद. दोन्हींत २४० लिटर पाणी ओता. पहिल्यात पाणी ४३ सेंटिमीटर चढेल आणि दुसऱ्यात जेमतेम २७. आता दोन्हींत एकेक माणूस बसवा. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे माणूस आपल्या बुडालेल्या भागाइतके पाणी सारतो. ते अंदाजे ६० लिटर धरू. पहिल्या टबातले पाणी ५४ सेंटिमीटरपर्यंत येईल, म्हणजे गुडघे मोडून बसलेल्या माणसाच्या जवळजवळ खांद्यांपर्यंत. दुसऱ्यात ते ३३ सेंटिमीटरवर थांबेल. तिथे खांदे भिजवायचे तर आडवेच व्हावे लागेल. पाणी तेवढेच, माणूस तोच, फरक फक्त आकाराचा.

खोल टबाचा दुसरा फायदा उष्णतेचा. गरम पाणी उष्णता गमावते ती मुख्यतः वरच्या उघड्या पृष्ठभागावरून, बाष्पीभवनाने. पहिल्या टबाचा पृष्ठभाग ०.५६ चौरस मीटर, दुसऱ्याचा ०.९. वर झाकण ठेवले की हा तोटा आणखी कमी होतो. म्हणून जपानी टबाला झाकण असतेच आणि दोन अंघोळींच्या मध्ये ते पाण्यावर पसरून ठेवतात.

हा प्रयोग वर्गात करता येतो. एक परात आणि एक उभा डबा घ्या. दोन्हींत दोन-दोन लिटर सारखे गरम पाणी ओता आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. मग डब्यावर ताटली झाकून पुन्हा मोजा. तिन्ही आलेख एकाच कागदावर काढले की विद्यार्थ्यांना टबाचा आकार कोणी का निवडला असेल हे न सांगता कळेल.

पूर्वीचे टब हिनोकी नावाच्या सुवासिक लाकडाचे किंवा त्यासारख्या पाण्यात टिकणाऱ्या लाकडांचे असत. फळ्या पाण्याने फुगतात आणि सांधे आपोआप घट्ट बसतात. पण टब बरेच दिवस कोरडा राहिला तर फळ्या आकसतात आणि सांधे गळू लागतात. लाकडी टब बसवणाऱ्याने ही गोष्ट आजही लक्षात ठेवावी लागते.

चाळीस चौरस मीटरच्या घरात

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानमध्ये सुमारे ४२ लाख घरांचा तुटवडा होता. १९५५ मध्ये सरकारने जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन केले. चार-पाच मजली काँक्रीटच्या इमारतींच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. त्यांना 'दान्ची' म्हणत. घरे लहान, सुमारे ४० चौरस मीटरची. पण प्रत्येक घराला स्वतःचे न्हाणीघर द्यायचे असे महामंडळाने ठरवले. हा निर्णय त्या काळात धाडसाचाच होता. १९६३ च्या गृहगणनेतदेखील देशातल्या सुमारे ५९ टक्के घरांतच न्हाणी होती.

चुलीची जागा आता गॅसच्या शेगडीने घेतली. टबाच्या भिंतीला दोन भोके ठेवत, एक खाली आणि एक वर. खालच्या भोकातून गार पाणी शेगडीकडे जाई, तापून हलके झाले की वरच्या भोकातून टबात परत येई. पंप नाही, वीज नाही. पाणी अभिसरणाने आपोआप फिरत राही. यात एक खोच होती. गरम पाणी वर जमा होते. वर हात घातला तर चटका बसतो आणि तळाशी पाणी गारच असते. म्हणून बसण्यापूर्वी दांड्याने पाणी ढवळून घ्यायची सवय घराघरांत होती.

पण खरा धोका पाण्यात नव्हता, हवेत होता. शेगडी न्हाणीघरातच असे आणि ज्वलनाला लागणारी हवा ती त्या खोलीतूनच घेई. पुन्हा आकडे मांडू. ६,२४० किलोकॅलरींसाठी, शेगडीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर, सुमारे ०.७ किलो द्रवरूप पेट्रोलियम वायू जाळावा लागतो. तेवढा वायू पूर्ण जळायला लागणारा ऑक्सिजन मिळवायचा तर ८ ते ९ घनमीटर हवा हवी. आता १.२ मीटर रुंद, १.६ मीटर लांब आणि २.२ मीटर उंच न्हाणीघर घ्या. त्यात हवा किती? ४.२ घनमीटर! एक टब तापवायला न्हाणीघरात आहे त्याच्या दुप्पट हवा लागते.

खिडकी बंद असेल तर ऑक्सिजन कमी पडू लागतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. माणसाला डोके जड वाटते, पाय लटके पडतात आणि दार उघडण्याचे भान येण्याआधीच शुद्ध जाते. जपानमध्ये घट्ट खिडक्यांची नवी घरे आली तशा या विषबाधेच्या घटना घडू लागल्या.

यावर १९६० च्या दशकाच्या मध्यावर एक उपाय प्रत्यक्षात आला. शेगडी पूर्ण बंद पेटीत ठेवायची आणि तिची तोंडे फक्त बाहेरच्या भिंतीतून काढायची. हवा बाहेरून आत, धूर आतून बाहेर, आणि दोन्ही वाटा एकाच जागी. वारा सुटला तरी दोन्ही तोंडांवर दाब सारखाच पडतो, म्हणून ज्योत विझत नाही आणि धूर उलटा येत नाही. या तोलामुळेच तिला 'बॅलन्स' शेगडी हे नाव पडले. न्हाणीघरातली हवा आणि शेगडीची हवा यांचा संबंधच तुटला. मात्र ही पेटी टबाशेजारची जागा खाई. त्यामुळे दान्चीतले टब अनेकदा ८० सेंटिमीटर लांबीचेच राहिले. पुढे शेगडी भिंतीबाहेर गेली तेव्हा टबाला पाय पसरायला थोडी जागा मिळाली.

आपल्याकडेही हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. त्या वाचताना वरचा हिशोब आठवावा. गॅसचे यंत्र न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत असावे आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. आपल्या विद्यार्थ्यांनी या लेखातले बाकी सारे विसरले तरी चालेल, एवढी एक गोष्ट घरी जाऊन सांगितली तरी पुरे.

न्हाणीघरच एक पेटी

१९६४ च्या ऑक्टोबरात तोक्योत ऑलिंपिक भरणार होते. पाहुण्यांसाठी न्यू ओतानी हे १७ मजली हॉटेल घाईने उभे राहत होते. हजाराहून अधिक खोल्या आणि प्रत्येकीला न्हाणीघर. रूढ पद्धतीत आधी वॉटरप्रूफिंग, मग काँक्रीट, मग फरश्या, मग नळकाम, आणि प्रत्येक थर सुकायची वाट पाहायची. एवढा वेळ नव्हता, आणि उंच इमारतीवर एवढे वजन चढवणेही नको होते. तोयो तोकी (आजची 'तोतो') या कंपनीने तोडगा काढला. काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचे टब आणि तळ कारखान्यात घडवायचे, नळ जोडून तयार ठेवायचे आणि जागेवर नेऊन बसवायचे. हेच 'युनिट बाथ'. हॉटेल ऑलिंपिकपूर्वी, सप्टेंबर १९६४ मध्ये सुरू झाले.

त्याआधी १९६३ मध्ये होक्कायदोच्या होकुसान कंपनीने कपाटासारखे उभे, टबासकट न्हाणीघर बाजारात आणले होते. ज्या घरात न्हाणी नव्हती तिथे ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा गच्चीत ठेवता येई.

घरगुती युनिट बाथ पुढे ठरावीक मापांत मिळू लागले. '१२१६' म्हणजे आतून १.२ मीटर गुणिले १.६ मीटर, '१६१६' म्हणजे दोन्ही बाजूंनी १.६ मीटर. तळाचा साचा एकसंध असल्याने सांध्यातून पाणी खालच्या मजल्यावर झिरपण्याची शक्यता फार कमी झाली. ज्यांनी सदनिकेत राहून वरच्या घराच्या मोरीचे पाणी आपल्या छतावर पाहिले आहे, त्यांना या शोधाचे मोल वेगळे सांगायला नको. २००८ पर्यंत जपानमधल्या ९५ टक्क्यांहून अधिक घरांत न्हाणी आली. सेन्तोंची संख्या १९६८ मध्ये सुमारे १८,००० होती. आज ती दोन हजारांच्याही खाली आहे. गल्लीतल्या शेजाऱ्यांची रोजची गाठभेटही तिच्याबरोबर गेली.

आपल्या न्हाणीघरात

आता कोणी आपल्याकडे असा टब बसवायचा म्हटले तर क्रमाने काय पाहावे?

पहिले वजन. २४० लिटर पाणी म्हणजे २४० किलो. त्यात माणूस ६० किलो आणि टब ४० किलो धरला तर ३४० किलो झाले. टबाच्या ०.५६ चौरस मीटर पायावर हा भार चौरस मीटरला सुमारे ६०० किलो पडतो. भारतीय मानकानुसार घराच्या लादीचा गणिताला धरलेला वापरभार चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. हाच भार १.२ गुणिले १.६ मीटरच्या पूर्ण न्हाणीघरावर पसरला तर तो चौरस मीटरला १७७ किलो येतो. म्हणजे सगळे भार पसरण्यावर अवलंबून आहे. टब चार बारीक पायांवर उभा न करता त्याखाली पूर्ण आधार द्यावा आणि तुळया कुठून जातात हे पाहून जागा ठरवावी. आपल्याकडे मोरीची लादी खोलगट ठेवून त्यात ब्रिकबॅट कोबा भरलेला असतो, त्याचे वजन आधीच आहे. जुन्या इमारतीत तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरे माप. टब न्हाणीघरात मावतो, पण दारातून आत जातो का? अनेकांची फजिती इथेच होते. टबाची काठाची उंची ६० सेंटिमीटर असली तर वृद्धांना पाय टाकणे जड जाते. जपानमध्ये टब जमिनीत थोडा उतरवून बसवतात, पण सदनिकेत तेवढी खोली मिळत नाही. मग बाहेर पायरी आणि भिंतीला पकडायला दांडा हवा.

तिसरे गरम पाणी. १५ किंवा २५ लिटरचा साठवणीचा गीझर हा टब भरू शकत नाही. पाणी भरेपर्यंत आधीचे निवून जाईल.

चौथे निचरा. टबाशेजारच्या जमिनीला मोरीकडे उतार हवा, काठाजवळ जादा पाण्याची वाट हवी, आणि टबाखालच्या जोडांपर्यंत हात पोचेल असे उघडते झाकण हवे. फरशी लावण्यापूर्वी टब काठोकाठ भरून दिवसभर तसाच ठेवावा आणि खालच्या घरी जाऊन छत पाहावे.

पाचवी काळजी टबात बसणाऱ्याची. थंड खोलीतून एकदम फार गरम पाण्यात शिरल्याने आणि पुन्हा बाहेर आल्याने रक्तदाब झपाट्याने वरखाली होतो. जपानमध्ये दर हिवाळ्यात अनेक वृद्ध टबात बेशुद्ध होऊन दगावतात. पाणी ४१ अंशांच्या वर नको आणि दहा मिनिटांहून अधिक वेळ बसू नये, असे तिथले ग्राहक खाते सांगते. घरात लहान मूल असेल तर टब कधीही भरून ठेवू नये.

आणि शेवटी पाणी. ज्या गावात टँकर येतो तिथे २४० लिटर म्हणजे बारा माणसांची अंघोळ, हे विसरता येत नाही. जपानी घराने हा हिशोब कसा सोडवला ते आपण पाहिले. एकच पाणी सगळ्यांनी वापरले आणि उरलेल्या पाण्याने कपडे धुतले. टब विकत घेता येतो. त्याच्याबरोबर ही शिस्त घरात येणार का, हा प्रश्न टबाचे माप घेण्याआधीच स्वतःला विचारलेला बरा.